राज्य श्रीमंत, मग मुलांची वाढ खुंटलेली का?

महाराष्ट्र ही देशातल्या राज्यांमधली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आहे. ती एक ट्रिलियन डॉलरपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट राज्य सरकारने जाहीर केले आहे, आणि त्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. त्या वाचताना मनात सहज येते की राज्य श्रीमंत झाले की लोकांचे आरोग्यही सुधारेल. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी समजून घ्यायला हवा, कारण घरातला पैसा आरोग्यासाठी कुठे आणि केव्हा खर्च करायचा, याचे उत्तर त्यातच आहे.

सुरुवात एका साध्या आकडेवारीने करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३४.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. पाचव्या फेरीत हे प्रमाण ३५.२ टक्के निघाले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे हडकुळी मुले आधी २५.६ टक्के होती आणि नंतरही २५.६ टक्केच. या पाचव्या फेरीची महाराष्ट्रातली पाहणी २०१९ मध्ये, कोविड येण्यापूर्वी झाली होती. त्यामुळे साथीला दोष देता येत नाही. या काळात राज्याचे उत्पन्न वाढले, रस्ते झाले, घरोघरी मोबाईल आले. मुलांची वाढ मात्र होती तिथेच राहिली.

हे कसे होते? पैसा आणि आरोग्य यांचे नाते नेमके काय आहे?

पैशाचा फायदा सुरुवातीला मोठा, नंतर कमी

सॅम्युएल प्रेस्टन या अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये अनेक देशांचे दरडोई उत्पन्न आणि तिथले सरासरी आयुर्मान यांची तुलना केली. त्यातून निघालेला आलेख आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. गरीब देशांत उत्पन्न थोडे जरी वाढले, तरी आयुर्मान झपाट्याने वाढते. कारण उघड आहे. अर्धपोटी माणसाला पोटभर जेवण मिळाले, गढूळ पाण्याऐवजी स्वच्छ पाणी मिळाले, की जुलाब, न्यूमोनिया, क्षयरोग यांनी होणारे मृत्यू घटतात. पण एका टप्प्यानंतर आलेखाची रेघ जवळजवळ आडवी होते. त्यापुढे उत्पन्न दुप्पट झाले, तरी आयुष्यात फारशी भर पडत नाही.

प्रेस्टन यांचे दुसरे निरीक्षण त्याहून महत्त्वाचे होते. १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत जगाचे आयुर्मान जेवढे वाढले, त्यातला मोठा भाग उत्पन्नवाढीमुळे नव्हता. लसी, मलेरियाचे नियंत्रण, प्रतिजैविके, स्वच्छतेचे ज्ञान, आईचे दूध आणि हात धुणे यांबद्दलची माहिती, अशा गोष्टींमुळे तेवढ्याच उत्पन्नात लोक आधीपेक्षा जास्त जगू लागले होते.

याचा अर्थ पैसा बिनमहत्त्वाचा आहे, असा अजिबात नाही. पैशाचे रूपांतर कशात होते, यावर त्याचा उपयोग ठरतो. अन्न, पाणी, लस, मुलीचे शिक्षण आणि हाकेच्या अंतरावरचा प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी, यांत पैसा उतरला तर आरोग्य सुधारते. तो दुसरीकडेच गेला, तर राज्य श्रीमंत होते आणि मुले तशीच राहतात.

भरपूर खर्च करूनही मागे: अमेरिकेचे उदाहरण

अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यसेवेवर खर्च करते. जगातला कोणताही मोठा देश एवढा खर्च करत नाही. तरीही २०२३ मध्ये तिथले सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते. मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका हा छोटा देश उत्पन्नात अमेरिकेच्या कितीतरी मागे आहे, पण तिथले लोक सरासरी सुमारे ८० वर्षे जगतात. कोस्टा रिकाने १९४० च्या दशकात सामाजिक आरोग्य विमा सुरू केला आणि पुढे प्रत्येक वस्तीसाठी डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी जाणारे आरोग्य कर्मचारी यांचे पथक नेमले.

अमेरिकेतली दुसरी अडचण विषमतेची आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की सर्वांत श्रीमंत एक टक्का पुरुष सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांपेक्षा सरासरी १४.६ वर्षे जास्त जगतात. स्त्रियांमध्ये हा फरक १०.१ वर्षांचा होता. देश तोच, औषधे तीच आणि रुग्णालयेही तीच, तरी एवढा फरक.

भारतातही असा फरक आहे. चौथ्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून संशोधकांनी काढलेल्या अंदाजानुसार सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातल्या लोकांचे आयुर्मान ६५.१ वर्षे, तर सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शाचे ७२.७ वर्षे होते. म्हणजे आपण कोणत्या घरात जन्मलो, यावर सरासरी साडेसात वर्षांचे आयुष्य अवलंबून आहे.

हा फरक फक्त उपाशी आणि पोटभर जेवणाऱ्यांमधला असतो, असेही नाही. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा १९६७ मध्ये सुरू झालेला 'व्हाइटहॉल' अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातले सगळे पुरुष कायम नोकरीत होते आणि सर्वांना सरकारी आरोग्यसेवा मोफत होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. कामावरचा ताण, आपल्या हाती काहीच नाही ही भावना, उद्याची अनिश्चितता, यांचाही शरीरावर परिणाम होतो, ही जाणीव या आणि पुढच्या अभ्यासांनी पक्की केली.

केरळमध्ये आरोग्य आधी आले, पैसा नंतर

१९७० च्या दशकात केरळचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी होते. तरी तिथे बालमृत्यू कमी आणि आयुर्मान जास्त होते. १९८५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने 'कमी खर्चात चांगले आरोग्य' या विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चीन, श्रीलंका आणि कोस्टा रिका या देशांच्या जोडीला केरळ हे एकटे भारतीय राज्य होते.

केरळने हे कसे साधले, याची मुळे बरीच जुनी आहेत. त्रावणकोर संस्थानाच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी १८१७ मध्येच शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा, असा आदेश काढला होता. १८७९ मध्ये तिथे सरकारी नोकर, कैदी आणि विद्यार्थी यांना देवीची लस सक्तीची झाली. पुढे गावोगावी शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, प्रशिक्षित परिचारिका, स्वस्त धान्य दुकाने आणि जमीन सुधारणा आल्या. लिहिता-वाचता येणारी आई दोन गोष्टी करते. बाळ आजारी असल्याचे ती लवकर ओळखते, आणि दवाखान्यात डॉक्टर जागेवर नसेल तर जाब विचारते.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण केरळमध्ये दर हजार जन्मांमागे ६ होते, महाराष्ट्रात १६ आणि देशात २८. गुजरात हे औद्योगिकदृष्ट्या पुढारलेले राज्य, पण तिथे हे प्रमाण २३ होते.

महाराष्ट्र नेमका कुठे अडला आहे?

महाराष्ट्राची बाजू सगळीच लंगडी नाही. बाळंतपणातल्या मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० या काळात दर लाख जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. केरळ (१९) सोडल्यास इतर मोठ्या राज्यांपेक्षा हे चांगले आहे. दवाखान्यात होणारी बाळंतपणे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, रक्तपेढ्या यांचा हा परिणाम आहे. संकटाच्या वेळी जीव वाचवणे आपल्याला बऱ्यापैकी जमले आहे.

अडचण आहे ती संकट येण्याआधीच्या काळात. पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया होता. केरळमध्ये हे प्रमाण ३६.३ टक्के होते. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या, केरळमध्ये ६.३ टक्के. या दोन आकड्यांचा मुलांच्या उंचीशी थेट संबंध आहे. जिची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नाही, जिच्या अंगात रक्त कमी आहे, अशा मुलीचे बाळ कमी वजनाचे जन्मते. गर्भधारणेपासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंतचे साधारण हजार दिवस वाढीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असतात. त्या काळात मागे पडलेले मूल पुढे क्वचितच पूर्ण भरून निघते.

इथे आणखी एक आकडा विचार करायला लावतो. देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातल्या घरांत वाढ खुंटलेली मुले ४६ टक्के आहेत, हे अपेक्षितच आहे. पण सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शातही २३ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे. या घरांत अन्न विकत घ्यायला पैसे नाहीत, असे म्हणता येणार नाही. पण सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुरेसा आणि पुरेशा वेळा आहार मिळणारी बालके देशभरात सुमारे ११ टक्केच आहेत. बाळाला सहा महिन्यांनंतरही बराच काळ नुसते दूध किंवा डाळीचे पाणी देणे, भूक लागली की बिस्किटाचा पुडा हातात देणे, अंडे आणि घट्ट डाळ उशिरा सुरू करणे, वारंवार जुलाब होणे, ही त्याची नेहमी दिसणारी कारणे आहेत. बिस्किटाला पैसे लागतातच, पण त्यातून बाळाला मिळते ते मुख्यतः मैदा आणि साखर.

गडचिरोलीचा धडा

पैसा न वाढताही आरोग्य सुधारते, याचा जगभर अभ्यासला गेलेला पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याच भागातल्या ४७ गावांशी त्याची तुलना केली. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, बाळ ऊबदार ठेवणे, स्तनपानाला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविके देणे, ही कामे त्या करू लागल्या. प्रयोगापूर्वी या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी ही संख्या २५.५ वर आली. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या तीन वर्षांत त्या गावांचे उत्पन्न काही दुप्पट झाले नव्हते. तिथे मोठे रुग्णालयही उभे राहिले नव्हते. योग्य ज्ञान आणि थोडी साधने योग्य वेळी, योग्य माणसाच्या हाती पोहोचली होती. आज बाळंतपणानंतर आशा ताई घरी येऊन बाळाचे वजन करतात, ताप पाहतात, त्या देशव्यापी कार्यक्रमामागे हाच अनुभव आहे. म्हणून त्यांच्या भेटीकडे सरकारी सोपस्कार म्हणून पाहू नका.

आजारपणच घराला गरीब करते तेव्हा

आतापर्यंत आपण पैशाचा आरोग्यावर होणारा परिणाम पाहिला. उलट दिशेचा परिणामही तेवढाच खरा आहे. एका दुखण्याने घर कर्जात जाते, शेत विकले जाते, मुलीचे शिक्षण थांबते, आणि मग पुढच्या पिढीचे आरोग्यही ढासळते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा (बाळंतपण सोडून) सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोक थेट खिशातून भरतात तो वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा आहे, पण शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजही घरातूनच जातात. सरकारी आरोग्यखर्च २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असेही त्या धोरणात आहे. महाराष्ट्र त्यापासून बराच दूर आहे.

खर्च अंगावर आला की बहुतेक घरांत सगळ्यात आधी कात्री लागते ती रोजच्या गोळ्यांना. रक्तदाबाची गोळी बंद केली तर दुसऱ्या दिवशी काही त्रास होत नाही, म्हणून ती वाचवता येण्याजोगी वाटते. पण अनियंत्रित रक्तदाब पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होणे यांकडे नेतो. तेव्हा लागणारा खर्च अनेक वर्षांच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि कमावता माणूस अंथरुणाला खिळतो तो वेगळाच.

मधुमेह आता श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही

पैसा वाढला की जुने आजार कमी होतात, पण नवे येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले: २६.४ टक्के. दरडोई उत्पन्नात गोवा देशात आघाडीवर आहे. केरळही या यादीत वरच्या क्रमांकांत आहे. बालमृत्यू रोखणारे राज्य मधुमेह रोखेलच असे नाही, कारण त्यासाठी लागणारे उपाय वेगळे आहेत.

याच पाहणीच्या आधीच्या टप्प्यात, २०१७ मध्ये, आणखी एक गोष्ट समोर आली होती. संपन्न राज्यांच्या शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण गरीब वर्गात जास्त आढळले. सुस्थितीतला माणूस आहार बदलतो, चालायला जातो, वर्षातून एकदा तपासणी करतो. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याला किंवा दोन ठिकाणी कामाला जाणाऱ्या बाईला वडापाव आणि गोड चहा हेच परवडते आणि वेळेत मिळते. त्यामुळे 'आम्हा गरिबांना कुठला मधुमेह' हा समज आता धोक्याचा ठरतो.

क्षयरोग: गोळ्यांबरोबर जेवणही औषधच

पैसा आणि आरोग्य यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते क्षयरोगात. इंग्लंडमध्ये क्षयरोगाचे मृत्यू एकोणिसाव्या शतकापासूनच घटत होते. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक औषध आले ते १९४० च्या दशकात. त्याआधीची घट कशामुळे झाली यावर वाद आहेत, पण सुधारलेला आहार आणि कमी दाटीची घरे यांचा त्यात वाटा होता, असे मानले जाते.

आपल्याकडे याची चाचणी झारखंडमध्ये झाली. २०१९ ते २०२२ या काळात तिथे क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा जादा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. थुंकीतून पसरणाऱ्या प्रकारात ही घट ४८ टक्के होती. रुग्णांनाही दरमहा १० किलोचा शिधा मिळत होता. ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही, तरी डाळ-तांदळाने एवढा फरक पडला. अर्थात, जेवण गोळ्यांच्या जोडीने घ्यायचे आहे. गोळ्या सोडून नुसत्या आहाराने क्षयरोग बरा होत नाही.

मग आपण घरात काय करू शकतो?

उत्पन्न एका दिवसात वाढत नाही. पण आहे त्या पैशाचे आरोग्यात रूपांतर करणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

१. हजार दिवसांवर पहिला खर्च करा. घरात गर्भवती किंवा दोन वर्षांखालचे बाळ असेल, तर अंडी, डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या, दूध यांत काटकसर नको. गर्भवतीने लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. सहा महिने पूर्ण झाले की स्तनपानासोबत घट्ट वरण-भात, मऊ खिचडी, कुस्करलेले अंडे, वर थोडे तूप किंवा तेल सुरू करा. दरमहा अंगणवाडीत वजन करून घ्या आणि ते वाढले की नाही, हे स्वतः विचारा.

२. मुलीचे शिक्षण आणि लग्नाचे वय हाही आरोग्याचाच निर्णय आहे. अठराच्या आत लग्न लावून वाचवलेला खर्च पुढे तिच्या आणि तिच्या बाळाच्या दुखण्यावर जातो.

३. तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. उपकेंद्रांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर ही तपासणी मोफत होते, गोळ्याही मिळतात. बाहेरून औषध घ्यावे लागत असेल, तर त्याच घटकाचे जेनेरिक औषध चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पैशांमुळे गोळी बंद करावी लागत असेल, तर बंद करण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा स्वस्त पर्याय निघतो.

४. क्षयरोगाचे निदान झाले असेल, तर उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपयांचे पोषण साहाय्य थेट बँक खात्यात जमा होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. खात्याची माहिती आरोग्य कर्मचाऱ्याकडे दिली आहे ना, याची खात्री करा, आणि ते पैसे खरोखर आहारासाठीच वापरा.

५. योजनांची कागदपत्रे धडधाकट असतानाच तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सत्तर वर्षे आणि त्यावरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. प्रत्येक आजार आणि प्रत्येक रुग्णालय त्यात बसत नाही. म्हणून दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालये आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला हे विचारणे हा आपला हक्क आहे. त्यात कमीपणा मानू नका.

६. कर्ज काढण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. या उपचाराने आजार बरा होईल, आयुष्य वाढेल, की फक्त त्रास कमी होईल? तो आजच करायला हवा, की दुसरे मत घेण्याइतका वेळ आहे? हाच उपचार सरकारी रुग्णालयात किंवा योजनेत होतो का? एकूण खर्च किती, आणि त्यानंतर दरमहा किती? हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अपघात अशा तातडीच्या प्रसंगी मात्र हे प्रश्न विचारत थांबू नका. आधी जवळच्या सुसज्ज रुग्णालयात पोहोचा.

आणि जे घरात होऊ शकत नाही

या यादीतून गैरसमज होऊ नये. नळाला स्वच्छ पाणी नसेल, गटार उघडे असेल, उपकेंद्रात परिचारिकेची जागा रिकामी असेल, तर घरच्यांनी कितीही काळजी घेतली तरी ती अपुरी पडते. कोणाच्या घरातले मूल खुरटले, तर त्याचा सगळा दोष त्याच्या आईवर टाकणे चुकीचे आहे. केरळने आणि कोस्टा रिकाने जे मिळवले, ते लोकांनी आरोग्याचा आग्रह धरल्यामुळे आणि सरकारने त्यावर दीर्घकाळ, न थांबता खर्च केल्यामुळे.

म्हणून निवडणूक असो वा ग्रामसभा, किती कोटींचे रुग्णालय येणार, याच्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि परिचारिकेच्या किती जागा भरल्या आहेत? रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या गेल्या सहा महिन्यांत किती वेळा संपल्या? अंगणवाडीत वजनकाटा चालू आहे का? पिण्याच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? राज्याच्या उत्पन्नातला आपला वाटा आपल्या गावापर्यंत पोहोचला की नाही, हे या उत्तरांवरून कळेल.